सार्निकोच्या रीवा बोटी
आजचा दिवस इटलीतल्या इझेओ तलावाकाठी, सार्निकोत गेला. १८४२ साली वादळात मोडलेल्या होड्या दुरुस्त करायला पिएत्रो रीवा इथे आला आणि त्याच्या घराण्याने इथेच बस्तान बसवलं. पुढच्या पिढ्यांत एर्नेस्तोने होड्यांना इंजिनं बसवली, सेराफिनोने शर्यतीच्या बोटी बांधल्या, कार्लोने १९६२ मध्ये अ‍ॅक्वारामा ही लाकडी मोटरबोट आणली. १९६९ला धंदा अमेरिकन कंपनीकडे गेला.

खरी मेहनत या बोटींच्या महोगनी लाकडावरच्या वार्निशची. वीसेक हात! प्रत्येक हात पूर्ण वाळवायचा, मग बारीक पॉलिश पेपरने घासायचा. ओल्यावरच पुढचा हात मारला की सुरकुत्या पडल्याच म्हणून समजा. सांध्यातून पाणी शिरलं तर लाकूड काळं पडतं. त्यावर नुसतं वार्निश फासणं म्हणजे धूळफेक, सगळं खरवडून कोऱ्या लाकडापासूनच सुरुवात करावी लागते.