मॅग्नेटारचा बर्स्ट घरच्या लॅपटॉपवर कसा शोधला – माझा अनुभव

एमेस्सीच्या प्रोजेक्टला मॅग्नेटार (प्रचंड चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा घट्ट गाभा) आणि त्याचे बर्स्ट, म्हणजे अचानक उसळणारे एक्स-रे आणि गॅमा किरणांचे झोत, घेतले म्हटल्यावर सगळे विचारायला लागले की ठाण्यात बसून हे कसं करणार, दुर्बीण कुठाय. दुर्बीण लागतच नाही! गॅमा किरण टिपणारा फर्मी उपग्रह 2008 पासून वर फिरतोय, त्याच्यावरच्या जीबीएम या बर्स्ट टिपणाऱ्या उपकरणाचा डेटा नासा कुणालाही फुकट देते, लॅपटॉप आणि पायथन एवढं बास.

मी एसजीआर 1935+2154 नावाचा मॅग्नेटार घेतला. 28 एप्रिल 2020 ला याच्याकडून एक रेडिओ स्फोट आला, चाइम आणि स्टेअर-2 या दोन रेडिओ दुर्बिणींनी पकडला, आणि आपल्याच आकाशगंगेतून असं मिळायची ती पहिली वेळ. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे 8 वाजून 4 मिनिटं, लॉकडाऊन, सगळे घरात. मला अर्थातच तोच क्षण हवा होता, पण नेमकी त्या वेळी फर्मीच्या आणि याच्या मधे पृथ्वी आडवी होती. सर म्हणाले, "अगं मग आदल्या रात्रीचा घे ना, तेव्हा तर त्याने बर्स्टची रांगच लावलेली."

फाइल्स तासातासाच्या असतात, जीबीएमचे डिटेक्टर 14, त्यातले 12 सोडियम आयोडाइडचे आणि 2 बीजीओ नावाच्या दुसऱ्या स्फटिकाचे, जास्त ऊर्जेसाठी. सगळे उतरवत बसू नका, पोझिशनची फाइल घेऊन ज्यांचं तोंड मॅग्नेटारकडे आहे तेवढेच काढा, साधारण 60 अंशाच्या आतले. फाइलमधली वेळ 1 जानेवारी 2001 पासूनच्या सेकंदांत येते, ती यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) आणा, मग आपले साडेपाच तास मिळवा.

खरी गंमत पुढे आहे. एकेका सेकंदाच्या खान्यात फोटॉन मोजले तर फक्त मोठे बर्स्ट दिसतात, बारीक सगळे बॅकग्राउंडमधे बुडतात, कारण हे प्रकरणच बहुतेकदा सेकंदाच्या दहाव्या भागात आटपतं. मी वाशीहून येताना लोकलमधे एक शोधनिबंध वाचत होते त्यात हे सापडलं, घरी येऊन खाना 16 मिलिसेकंदांचा केला, एनर्जी 8 ते 200 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच ठेवली, आणि सपाट रेघेतून सरळ सुळकेच वर आले, एकामागून एक. मी आईला हाक मारून दाखवलं, इतका आनंद झाला.

पण सुळका दिसला म्हणजे मॅग्नेटारच असं नाही हं. एखादा कॉस्मिक किरण एकाच डिटेक्टरवर आदळला तरी तसाच दिसतो. म्हणून शेजारच्या दोनतीन डिटेक्टरमधे त्याच क्षणी आहे का बघायचं, आणि बीजीओ पण बघायचा. तो 200 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचं मोजतो, तिथे या बर्स्टचं जवळजवळ काहीच नाही. गॅमा रे बर्स्ट (दूरच्या आकाशगंगांतला वेगळाच, जास्त ऊर्जेचा स्फोट) असता तर बहुतेक तिथेही उमटला असता. माझ्या मते ही तपासणी केल्याशिवाय आलेख कुणाला दाखवूच नये.

हे सगळं येतं कुठून तर चुंबकीय क्षेत्रातून. डंकन आणि थॉम्पसन या शास्त्रज्ञांनी 1992 मधे ही मॅग्नेटारची कल्पना मांडली. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास, माझ्या मॅग्नेटारचं दोनावर 14 शून्यं इतके गॉस, आणि तारा जेमतेम 20 किलोमीटरचा, 3.24 सेकंदांत एक फेरी. त्या ताणाने वरचं कवच तडकतं, क्षेत्राच्या रेषा पिळवटतात आणि साठलेली ऊर्जा एक्स-रे आणि सॉफ्ट गॅमा होऊन बाहेर पडते, असं मानतात.

कुणाला करायचं असेल तर 27 एप्रिल 2020 चे यूटीसी संध्याकाळी साडेसहाच्या आसपासचे तास घ्या, फाइल्स जड आहेत, रात्री डाउनलोडला लावून झोपा.