सावंतवाडी ते जुनं गोवं, सायबाच्या पायांपाशी

ह्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं आणि बोटीवरची नोकरी पण सुटली, बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला बरोबर दारात उभा. मी रात्रंदिवस एकच मागायचे, देवा, हे आमच्यावरनं काढून घे. काही बदललं नाही. तरी मागणं सोडलं नाही.

2024 च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं, म्हणजे आमच्या सायबाचं, शवप्रदर्शन होतं, दर 10 वर्षांनी असतं ते, आणि आमच्याकडचा ग्रुप नवेनाच्या दिवसांत, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, पायी निघणार होता. नणंद म्हणाली, वहिनी तू जा, दादाला मी बघते. म्हणून निघाले.

बांदा, पत्रादेवी, मग हायवेने कोलवाळचा पूल, म्हापसा. पुढे क्रूस धरलेला पोरगा, मागे आम्ही, बाजूने ट्रक सुसाट. दुपारचं डांबर असं तापतं की चपलेतून चटका लागतो. म्हापशाच्या अलीकडे टाचेला फोड आला, रस्त्याच्या कडेला बसले तर एक म्हातारी मावशी शेजारी येऊन बसली, पिशवीतलं खोबरेल तेल काढलं, माझा पाय चक्क आपल्या मांडीवर घेतला आणि फोडाच्या भोवती हळूहळू तेल लावून वर सुती फडक्याची पट्टी बांधली. "चल गो बाय, सायब वाट बघता." तिचा स्वतःचा मुलगा गेलाय हे मला नंतर दुसरीकडून कळलं.

शुक्रवारी पहाटे पणजी ओलांडून रायबंदरच्या रस्त्याला लागलो, पोर्तुगीजांनी बांधलेला तो लांबलचक बांध, बाजूला मिठागरं, अंधार. शुक्रवार म्हणजे रोझरीत, आमच्या जपमाळेच्या प्रार्थनेत, दुःखाची रहस्यं, येशूच्या दुःखाचे प्रसंग. पहिलंच, गेथशेमानी बागेतलं. लहानपणापासून म्हणत आलेय पण त्या पहाटे अंगावर आलं, येशूने सुद्धा बापाला हेच विनवलं होतं की हा प्याला माझ्यापासून दूर कर, रक्तासारखा घाम गाळत विनवलं, आणि प्याला काही टळला नाही. पण लूकच्या शुभवर्तमानात आहे, स्वर्गातून एक दूत आला आणि त्याने त्याला शक्ती दिली. म्हणजे शक्ती मिळाली, सुटका नाही. मी चालता चालता रडत होते आणि मावशी पुढचा नमो मारिया म्हणत होती.

आणि आमचा सायब तरी काय वेगळा? चीनला जायची केवढी आस होती त्याला, 1552 च्या 3 डिसेंबरला चीनच्या किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर तापाने गेला, वय फक्त 46, समोर चीन दिसत असताना. एवढ्या मोठ्या संताची पण ती इच्छा पुरी झाली नाही, तरी शेवटपर्यंत प्रार्थना चालूच होती त्याची.

से कॅथेड्रलला रांग प्रचंड. काचेच्या पेटीसमोर जेमतेम काही सेकंद मिळतात, मागचे पुढे ढकलतात. मी ह्यांचं नाव घेतलं आणि म्हटलं, प्रभू, तू सोबत राहा, मी उचलते. बरं करा म्हणून अजूनही मागते हो, रोज मागते, पण आता हे आधी मागते.

ह्यांचा हात अजून तसाच आहे, फिजिओथेरपी चालू आहे, हप्ता पण चालू आहे. मी सकाळी पाचला उठून डब्यांच्या ऑर्डरी करते आणि पूर्वीसारखी छातीत धडकी भरून जाग येत नाही.

कोणाला पायी यायचं असेल तर नवे बूट घालू नका, वापरलेलेच घाला, आणि घरचं माणूस अंथरुणाला असेल तर त्याचं नाव मला कळवा, रोझरीत घेईन.