टिन्ट्सफील्ड आणि मेंढरांची रात्र

रविवार, रात्र

आज आईला टिन्ट्सफील्डचा जुना वाडा दाखवून आणला. ब्रिस्टलजवळच, रॅक्सल गावाकडे. मनोरे, उंच निमुळती छपरं, दगडात कोरलेली पानंफुलं. आई अंगणातच थांबली. "एकाच घराण्याचं हे सगळं? कशाचा धंदा होता गं यांचा?"

"खताचा. समुद्रपाखरांच्या विष्ठेचा."

तिला नवल वाटलं नाही. आमच्या रानात मेंढरं बसवायची म्हणून आजोबा धनगराला ज्वारी द्यायचे. दोन रात्री कळप बसला की पुढचं पीक काळंभोर यायचं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं.

या घराण्यातल्या विल्यम गिब्जनं ही जागा १८४३ मध्ये घेतली. पेरू देशाच्या किनाऱ्याजवळच्या 'चिंचा' नावाच्या बेटांवर पाऊस जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे विष्ठेतला नत्र वाहून जात नाही. शतकानुशतकं थरावर थर साचून तिथे अक्षरशः टेकड्या झाल्या होत्या. हाच ग्वानो. १८४२ पासून १८६१ पर्यंत तो ब्रिटनच्या शेतांना विकण्यात गिब्जच्या पेढीचा मोठा वाटा होता. त्या पैशातून १८६३ नंतर जॉन नॉर्टन या वास्तुकारानं साध्या घराचं हे गॉथिक घर केलं.

घराच्या चॅपेलमध्ये, म्हणजे खासगी प्रार्थनागृहात, मी जास्त वेळ थांबले. आर्थर ब्लोमफील्ड या वास्तुकाराचं काम, १८७० च्या दशकातलं. विल्यम अतिशय धार्मिक होता. ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजचं चॅपेलही त्याच्याच देणगीतून उभं राहिलं. त्याची श्रद्धा खोटी होती असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच जीव घुसमटतो. त्याची पेढी ग्वानो विकत होती त्याच वर्षांत चिंचा बेटांवर करारानं बांधलेले चिनी मजूर, कैदी आणि १८५४ पर्यंत गुलामसुद्धा कुदळीनं तो ढीग फोडत होते. नाकाडोळ्यांत झोंबणारी धूळ, वर फटके. कित्येकांनी जीव दिला.

गिब्जांच्या चार पिढ्या इथे राहिल्या. शेवटचे रिचर्ड गिब्ज अविवाहित होते. ते २००१ मध्ये गेले आणि २००२ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं घर विकत घेतलं, त्यात सामान्य लोकांची वर्गणीही होती. घराण्यानं फारसं काही टाकलंच नव्हतं. मोजदाद केली तेव्हा ५०,०००हून जास्त वस्तू निघाल्या. खोल्यांतून फिरताना मी मात्र एक कुदळ शोधत होते.

हे सगळं आईला सांगितलं ते भाजीच्या मळ्यात, बाकावर बसून. तिनं वाफ्यातली माती चिमटीत घेतली, चोळली, वास घेतला.

"धनगर आमच्याकडे जेवून जायचा," ती म्हणाली. थोड्या वेळानं विचारलं, "ती माणसं घरी परत गेली का गं?"

"फार थोडी, आई."

तिनं माती जिथून घेतली होती तिथेच परत ठेवली.