कोरी ठेवलेली जागा

गुरुवार, रात्रीचे साडेदहा

कंत्राट मार्चनंतर वाढवायचे की नाही, याचा निर्णय पुढच्या महिन्यावर गेल्याचे आज कार्यालयात सांगण्यात आले. निर्णय पुढे जाण्याची ही तिसरी वेळ. घरी आल्यावर मुलीचे शुल्क, घराचा हप्ता आणि आईची औषधे यांची बेरीज पुन्हा एकदा मांडून पाहिली. ती बदलत नाही, हे ठाऊक असूनही मांडली. मग हिशेबाची वही मिटली आणि मोडी या जुन्या मराठी लिपीतला कागद पुढे घेतला.

दोन वर्षांपूर्वी मोडीच्या वर्गात नाव घातले ते निव्वळ अक्षरांच्या ओढीने. आधी पानभर रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता लिहीत जायचे, ही रीतच मला मोहवून गेली. वाचायला मात्र तीच लिपी कठीण. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसतात आणि नेमका शब्द कोणता, हे मागच्यापुढच्या मजकुरावरून ठरवावे लागते. ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, ‘ता॥’ म्हणजे तर्फ (गावांचा जुना प्रशासकीय गट), अशी संक्षेपांची सवय होण्यातच पहिले सहा महिने गेले.

ही ओढ केवळ माझ्यापुरती राहिली नाही, त्याला गावाकडचे एक वयस्कर शेतकरी कारण झाले. त्यांच्याकडे शके १८०६चा, म्हणजे इसवी सन १८८४-८५चा, जमिनीचा एक कागद आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली आणि त्यानंतरच्या पिढ्यांना घरातलेच कागद परके झाले. जमीन पणजोबांनी विकली, असे त्यांच्या घरात सगळे मानत आले आहेत. मी दुसऱ्या ओळीपर्यंत पोहोचलो आणि ‘गहाण’ हा शब्द स्पष्ट लागला. एवढ्या वर्षांनंतर त्याचा कायद्याने काही उपयोग होईल की नाही, हे वकील सांगतील. परंतु पणजोबांनी जमीन विकली नव्हती, गहाण ठेवली होती, हे ऐकताना त्या गृहस्थांचा चेहरा कसा झाला होता, ते मी विसरू शकत नाही. त्या दिवसापासून पहाटेचा एक तास मी मोडीसाठी राखून ठेवला आहे आणि आजारपण वगळता तो मोडलेला नाही.

नोकरीची शाश्वती नसताना यात वेळ घालवणे योग्य आहे का, असे पत्नीने विचारले होते. तिचा प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला उडवाउडवीचे उत्तर दिले नाही. घर चालवण्यासाठी मी अर्ज करतोच आहे, आणखी करीन. पण तो एक तास सोडला तर हप्ता काही कमी होणार नाही आणि कागद मात्र न वाचता राहतील, हे मी तिला सांगितले. १८९७ साली पुणे प्लेगने हादरले होते आणि त्याच्या पुढच्याच वर्षी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड, पानिपतच्या काळातील पत्रांसह, छापून बाहेर काढला, पुढे अशा बावीस खंडांसाठी ते गावोगाव दप्तरे शोधत हिंडले. त्यांच्याशी माझी तुलना नाही. मात्र दिवस स्थिर होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही, हे मला वारंवार आठवते, कारण वाट पाहिली असती तर कित्येक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, वाळवीने संपवले असते.

आज घडीवरच्या ओळीत अडलो. ‘मुदत’ लागते, ‘वर्षे’ लागते आणि मधला शब्द नेमका झिजलेल्या घडीत गेला आहे. उरलेल्या वळणावरून ‘पाच’ असावे असे वाटते. तसे लिहिले असते तर ओळ पुरी झाली असती आणि थकलेल्या मनाला तेवढेच समाधान मिळाले असते. परंतु ‘सात’ असण्याचीही शक्यता उरते, आणि माझ्या अंदाजावर दुसऱ्याच्या घरात वाद उभा राहावा, हे मला मान्य नाही. शिक्षक सांगतात की न लागलेल्या शब्दाची जागा कोरी ठेवावी आणि त्याच हाताचे दुसरे लेखन मिळवून अक्षराचे वळण ताडून पाहावे. म्हणून लिप्यंतराच्या वहीत तेवढी जागा मोकळी सोडली आहे.

त्याच लेखकाच्या हातची एक पावती त्यांच्या घरी आहे, असे ते गृहस्थ म्हणाले होते. तिचा फोटो पाठवण्यासाठी उद्या सकाळी त्यांना फोन करायचा आहे. पहाटे पाचचा गजर लावला आहे.