तुम्ही विचारलेत म्हणून: आधी आवाजाचे सांगा

‘नवे ग्राफिक्स कार्ड टाकल्यापासून डीव्हीडी लागत नाही, ड्राइव्ह बदलून घेऊ का?’ हे मला इतक्या जणांनी विचारले आहे की हल्ली मी उलट प्रश्नच करतो: आवाज येतो का? समोरचा माणूस हमखास वैतागतो, कारण त्याला हो किंवा नाही एवढेच हवे असते. पण डीव्हीडीवर चित्र आणि ध्वनी एकाच व्हीओबी फाइलमध्ये एकमेकांत गुंफलेले असतात. चित्र सोडून नुसता आवाज वाचणे ड्राइव्हला जमत नाही. पडदा काळा असूनही आवाज सलग येत असेल, तर तबकडी आणि ड्राइव्ह यांनी आपले काम केलेले आहे. दोष त्यापुढे, एमपीईजी-2 या पद्धतीने आवळून साठवलेले चित्र उलगडून पडद्यावर मांडण्याच्या टप्प्यात, म्हणजे बहुतेक वेळा कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये, विंडोजला कार्ड वापरता यावे म्हणून लागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, असतो.

नागपुरात महाल भागात राहणाऱ्या माझ्या मामांकडे मामेभावाने गेमसाठी जुने कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचे टाकले आणि जुना ड्रायव्हर विंडोज 7 मध्ये तसाच राहिला. त्यानंतर मामेबहिणीच्या लग्नाची डीव्हीडी लावली, तर काळा पडदा. सीताबर्डीच्या एका दुकानात सांगितले की ड्राइव्ह गेला. नवा बसवला तरी काळाच, तेव्हा तबकडीच खराब झाली असे ठरले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात पडलेल्या अशा तबकड्या जातातही, म्हणून मामांना ते पटले आणि दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याकडे गेली. शूटिंग करणाऱ्याने तोवर धंदाच बंद केला होता.

मी गेलो होतो निराळ्याच कामाने. बोलता बोलता मामा म्हणाले, “अरे, मंगलाष्टकं तर पूर्ण ऐकू येत होती, आजी कोणावर तरी रागावत होती तेसुद्धा, फक्त दिसत काही नव्हतं.” मी भावाच्या मुंजीची तबकडी लावली, तीच गत. प्लेयरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे चित्र उलगडण्याचे काम कार्डावर सोपवणे, बंद केले आणि चित्र आले. मग सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर सुरू करून, जुन्या कार्डाचा ड्रायव्हर मुळासकट काढला, नव्याचा घातला, ॲक्सिलरेशन पुन्हा सुरू केले, तरी चित्र टिकले. मामांचे मुंजीकडे लक्षच नव्हते. “म्हणजे ती पण लागली असती?” त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. दुसरे काही म्हणायला हवे होते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तेव्हापासून मी या बाबतीत ताठर झालो आहे, हे मान्य. पूर्वी मी ‘व्हीएलसी हा फुकटचा प्लेयर टाका आणि मोकळे व्हा’ एवढेच सांगत असे. व्हीएलसीकडे चित्र उलगडणारा स्वतःचा डिकोडर असतो, त्यामुळे पुष्कळदा चित्र येतेही. पण मूळ बिघाड जागच्या जागी राहतो, असे मी आता म्हणतो. यावर पूर्वीचा मी विचारतो की मामांना त्या दिवशी कोणी तेवढेच सांगितले असते, तर तबकडी वाचली नसती का? वाचली असती. तरीही अर्धवट दुरुस्ती सुचवायला माझी जीभ वळत नाही.

चित्र आहे आणि आवाज नाही, अशीही तक्रार येते. नवे कार्ड मॉनिटरला एचडीएमआयने, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या केबलने, जोडले की विंडोज पुष्कळदा आवाज तिकडे वळवते आणि मॉनिटरला स्पीकर नसतात. साउंड सेटिंगमध्ये जुने स्पीकर निवडले की झाले. कार्डासोबत त्याच बैठकीत फॉरमॅट मारून नवे विंडोज घातले असेल, तर कार्डाला दोष देऊ नका: विंडोज 8 पासून मीडिया प्लेयरमधली डीव्हीडी चालवण्याची सोयच काढून टाकलेली आहे. आवाज आणि चित्र दोन्ही अडखळत असतील तर मात्र ड्राइव्हवर खुशाल संशय घ्या, पण पैसे काढण्याआधी कॅबिनेट उघडून, कार्ड बसवताना हात लागून सैल झालेली केबल नीट खोचून पाहा.