पुणे दरवाजा आला की थांबू

बहुतेकांना वाटतं, सायकल-सहलीचा गाईड सगळ्यांच्या पुढे असतो. पुढे राहायला रस्ता माहीत असला की झालं, आणि तो हल्ली हँडलवरच्या यंत्रालाही माहीत असतो. मी शेवटी असते. मागून माणूस कळतो. गुडघे बाहेर फेकले जायला लागले, की एकतर सीट खाली आहे किंवा दम संपत आलाय. चेन करकरते आहे, म्हणजे पुढचंही मोठं चक्र आणि मागचंही मोठंच, म्हणजे गिअरचं भान सुटलंय. खांदे डावी-उजवीकडे डुलायला लागले की समजायचं, पाय थांबलेत आणि आता कंबर सायकल ओढते आहे. हे कुठल्या यंत्रात दिसत नाही, आणि कंपनीच्या ऑफिसात बसून पडद्यावर मार्ग आखणाऱ्यांना तर मुळीच दिसत नाही. त्यांच्या लेखी चढ म्हणजे एक सरासरी टक्केवारी. त्या सरासरीत दुपारी एकचं ऊन कुठे असतं?

मी मूळची सांगलीची. लग्नानंतर फ्रान्सला आले, भाषा शिकले, सायकल दुरुस्ती शिकले आणि आता उन्हाळाभर नैर्ऋत्येकडे दॉर्दोन्य नदीच्या खोऱ्यात पाहुण्यांना गावोगाव फिरवते. सामान व्हॅनमधून पुढे जातं, पाहुणे सायकलवर. अक्रोडाच्या बागा, कड्यावरचे किल्ले, जेवण, पुन्हा सायकल. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात माझं निम्मं डोकं पाव आणि पाणी यांत अडकलेलं असतं. दुकानं बारा ते दोन बंद, बेकरी बऱ्याच गावांत सोमवारी बंद, आणि काही गावांत दुकानच उरलेलं नाही. 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं' अशी एक संघटना आहे, 1982 पासूनची. तिच्या यादीत यायला लोकसंख्या 2000 च्या आत लागते आणि किमान दोन संरक्षित वास्तू लागतात. बेकरीची अट नाही. असती तर यादी बरीच आटोपशीर झाली असती.

पाण्याची युक्ती मात्र इथल्या प्रत्येक सायकलवाल्याला ठाऊक असते: दफनभूमी. थडग्यांवरच्या फुलांसाठी तिथे नळ असतो. 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी नसेल, तर बाटल्या भरायच्या आणि निघायचं.

तर त्या आठवड्यात पुण्याचं एक कुटुंब आणि त्यांचे स्नेही माझ्याकडे होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील फिरवलेत. कुठले, ते विचारू नका.) काका सत्तरी ओलांडलेले, कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेले इंजिनिअर, दर रविवारी सिंहगड चढणारे. बुकिंगच्या वेळीच त्यांनी ई-बाईक नाकारली होती. "मोटर लावून चढायचं, तर माझी स्कूटर काय वाईट होती?" ई-बाईक म्हणजे फसवणूक, हे खूळ आपल्या पुरुषांच्या डोक्यात कोणी भरवलं, देव जाणे. अडीचशे वॅटची मोटर, ताशी 25 किलोमीटरच्या वर ती मदतच करत नाही आणि पॅडल मारलं नाही तर जागची हलत नाही. काकू ई-बाईकवर होत्या, आणि सगळ्या ग्रुपमध्ये व्यवस्थित गिअर टाकणाऱ्या त्या एकट्याच.

त्या दिवशी हवामान खात्याचा उष्णतेचा नारिंगी इशारा होता. इथे तो गांभीर्याने घेतात. 2003 च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये उष्णतेने पंधरा हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यानंतर ही व्यवस्था आली. आपल्या लोकांना ते पटवणं महाकठीण. "अडतीस? आमच्या नागपूरला पंचेचाळीस असतं!" असतं ना. पण नागपूरला मे महिन्यात भर दुपारी सायकलवर घाट कोण चढतं? मला सातला निघायचं होतं. हॉटेलचा नाश्ता साडेसातशिवाय मिळेना, चहा मनासारखा होईना. मुक्कामाच्या सार्ला गावातून निघेपर्यंत सव्वानऊ झाले.

सुरुवातीचा रस्ता लोण्यासारखा आहे. जुन्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून केलेली सायकलवाट, सपाट, दुतर्फा झाडी. पुढे नदी ओलांडून दक्षिण किनाऱ्याने जायचं. वाटेतल्या एका गावात मी सगळ्यांना दफनभूमीच्या नळावर थांबवलं. मुलाने आणि सुनेने हसत बाटल्या भरल्या. काकूंनी हात धुतले, पण पाणी घेतलं नाही. काका फाटकाच्या आतच आले नाहीत. "स्मशानातलं पाणी मी पिणार नाही, बाळ. माझ्या बाटलीत आहे अजून." मी व्हॅनवाल्याला फोन लावला. तो आधीच वर दोममध्ये पोचून सावलीतली जागा धरून बसला होता.

दोम म्हणजे नदीवरच्या कड्यावर वसवलेलं तटबंदीचं गाव. 1281 मध्ये तिसऱ्या फिलिप राजाने ते वसवलं. पुढे त्याच्या एका दरवाजाच्या बुरुजांत टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघातल्या सरदारांना कोंडलं होतं, त्यांनी भिंतींवर कोरलेले क्रूस अजून आहेत. पण मराठी पाहुण्यांना मी नेहमी 1588 ची गोष्ट सांगते. कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धांच्या काळात व्हिव्हान्स नावाचा प्रोटेस्टंट कप्तान रात्रीच्या अंधारात तीसेक माणसांनिशी कड्याच्या बाजूने वर चढला. तिकडून कोणी येणार नाही म्हणून पहारा नव्हता. आत शिरून त्याने दरवाजे उघडले आणि गाव घेतलं. काका जाम खूश. "म्हणजे यांचा तानाजी! आणि घोरपड कुठे होती यांची?" त्यानंतर सकाळभर हाच विषय. नदी दिसली की "ही आपली मुठा", कडा दिसला की "हा द्रोणागिरी", वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळणार का, वगैरे.

पायथ्याच्या सेनाक गावाहून दोमचा चढ सुरू होतो. अंतर थोडं, पण वळणं अंगावर येणारी. तरुण मंडळी पुढे गेली, काकू मोटरच्या जोरावर त्यांच्या मागोमाग. मी काकांच्या मागे. त्यांची सायकल चांगली होती, पुढे 46 आणि 30 दात्यांची चक्रं, मागे 11 ते 34. म्हणजे 30-34 वर टाकून सावकाश चढता येतं. ते मागच्या मधल्याच कुठल्यातरी चक्रावर रेटत होते. पहिल्या वळणानंतर मला एक आवाज यायला लागला. टक, टक, टक. प्रत्येक पॅडलला एक. वाटलं, क्रँक सैल झालाय. जवळ गेले. ती बाटली होती. पूर्ण रिकामी, त्यामुळे पिंजऱ्यात हलत होती.

"काका, गिअर हलका करा." त्यांनी ब्रेक दाबला. पुन्हा सांगितलं, तर त्यांनी पुन्हा ब्रेकच दाबला. मी त्यांच्या बाजूला आले. शर्ट पाठीवर वाळलेला, हातांवर मिठाचे पांढरे ओघळ, चेहरा लाल.

"काका, थांबू या का?"

समोर बघत, अगदी शांतपणे ते म्हणाले, "पुणे दरवाजा आला की थांबू."

हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा मनात वाजवून पाहिलंय. सकाळपासून चालू असलेल्या थट्टेतलं ते पुढचं वाक्य होतं? की त्या क्षणी ते खरोखर सिंहगडाच्या वाटेवर होते? उन्हाने दमलेला माणूस आणि उष्माघात झालेला माणूस यांच्यात मोठा फरक हा, की दुसऱ्याचा ताप चाळीसच्या वर जातो आणि आपण कुठे आहोत ते त्याला कळेनासं होतं. ते हसले असते तर प्रश्न मिटला असता. ते हसले नाहीत. पण काका थट्टा करताना कधीच हसत नाहीत, हे मला तोवर कळलेलं होतं.

मी हँडल धरलं आणि सायकल थांबवली. त्यांनी झटका दिला, मी सोडलं नाही. एका ओकखाली त्यांना आडवं केलं. रस्त्यालगत एक घर, खिडक्यांची लाकडी दारं बंद, म्हणजे आत माणूस आहे. इथे उन्हाळ्यात दारं लावून घेतात, तोच त्यांचा एसी. हाका मारल्यावर एक आजी बाहेर आल्या. एक शब्द न विचारता बागेची नळी ओढत रस्त्यापर्यंत आणली. मी तातडीच्या वैद्यकीय मदतीचा 15 नंबर फिरवला. डॉक्टर स्वतः लाईनवर आले. त्यांना मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं नाही, सांगून काय कळणार होतं? म्हटलं, गोंधळलेत. डॉक्टर म्हणाले, पाजू नका, आधी गार करा. मान, काखा, मांड्या.

नेमका तेव्हाच मुलगा वरून परत आला. वडील रस्त्याकडेला भिजून पडलेले, आणि मी पाण्याची नळी हातात धरून पाणी पाजायला नाही म्हणते आहे. तो काय काय बोलला, ते मी इथे लिहीत नाही. त्याच्या जागी मीही बोलले असते.

काही मिनिटांत अग्निशमन दलाची लाल गाडी आली. इथे रुग्णवाहिकेचं बरंचसं काम तेच करतात आणि दलातले दहापैकी जवळपास आठ जण स्वयंसेवक असतात. त्या दिवशीच्या पोराच्या बुटांना सिमेंट लागलेलं होतं, बांधकामावरून तसाच आला होता. त्याने काकांना तारीख विचारली, मी मराठीत करून सांगितली. काकांनी तारीख सांगितली, वार सांगितला आणि वर मला म्हणाले, "याला सांग, मी इंजिनिअर आहे." ताप होता, पण चाळीसच्या खाली. तोवर वीसेक मिनिटं मी पाणी मारत होते, त्यामुळे आधी किती होता, कोण सांगणार?

सार्लाच्या रुग्णालयात सलाईन लावलं, रक्त तपासलं, संध्याकाळी सोडलं. शरीरातलं पाणी कमी झालं होतं, दोन दिवस विश्रांती. उष्माघात होता का? डॉक्टरीणबाईंनी खांदे उडवले. असेल आणि वेळेत गार केलं असेल तरी असंच दिसतं, मुळात नसेल तरी असंच दिसतं. मुलाचं म्हणणं ठाम: बाबा गंमत करत होते आणि तुम्ही तमाशा केला.

कॉफीच्या यंत्रापाशी काकू माझ्याजवळ आल्या. "नेमकं काय म्हणाले गं ते?" मी सांगितलं. त्या बराच वेळ सुट्टी नाणी बोटांनी चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "गेल्या दिवाळीपासून होतंय. मधूनच भलत्या ठिकाणी असतात. दोन मिनिटं. मग अगदी ठीक. पोराला बोलू नकोस, तो यांचं सगळं बंद करून टाकेल. सिंहगडसुद्धा."

सहलीआधी पाहुण्यांकडून आम्ही आरोग्याचा फॉर्म भरून घेतो. काकांच्या फॉर्मवर रक्तदाबाची गोळी सोडून काही नव्हतं. असले फॉर्म कोण खरे भरतं, हा वेगळा विषय.

पुढचे दोन दिवस सोपे गेले. डॉक्टरांचा कागद होता. काका व्हॅनमध्ये पुढे बसले. आमच्या ड्रायव्हरला इंग्रजी येत नाही, काकांना फ्रेंच येत नाही, दोघांनी मिळून बेनाकच्या किल्ल्याखाली गाडीचा पंखा उघडून दुरुस्त केला. तिसऱ्या दिवशी वादळ होऊन हवा गार झाली. पंचवीस अंश, सपाट रस्ता, कागदाची मुदत संपलेली. काका हेल्मेट घालून सायकलपाशी उभे. मी नाही म्हटलं. त्या रस्त्यावर गाड्या ताशी 80 ने जातात. तिथे दोन मिनिटं भलत्या ठिकाणी असणं म्हणजे काय, ते मला दिसत होतं. मुलाने कारण विचारलं. माझ्याकडे सांगता येण्याजोगं कारण नव्हतं. "कंपनीचा नियम," म्हणाले. तसा नियम नाही, हे त्याने माझ्यासमोर ऑफिसला फोन करून काढून घेतलं. ऑफिसनेही तत्परतेने सांगून टाकलं. एरवी यांचा फोन लागत नाही.

मुलगा फोनवर असताना काका माझ्याजवळ आले. "तुला हिने काही सांगितलंय का?"

"नाही, काका."

त्यांनी हेल्मेट काढलं, पट्टा नीट गुंडाळला आणि व्हॅनकडे गेले.

कंपनीच्या पानावर मुलाने दोन तारे दिलेत. गाईड हेकट आहे, वयस्कर प्रवाशांचा अपमान करते, खोटे नियम सांगते. ऑफिसला चोवीस तासांत माझं उत्तर हवं होतं, त्याला आता आठवडा झाला. मसुदा लिहून ठेवलाय, त्यात नारिंगी इशारा आहे, रिकामी बाटली आहे, डॉक्टरांचा सल्ला आहे. तिसऱ्या दिवसाबद्दल काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही, आणि तिकडे पुण्यात रविवारी काकांबरोबर कोण जातं, हे काकूंना विचारायचं राहून गेलं.