विंगेतला बी.ए.

हिवाळ्यात माझा पत्ता कोणी विचारू नये. भाऊबीजेची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, आटोपली की आमच्या प्रेसची गाडी वडशातून निघते, ती शिमग्यापर्यंत रोज नव्या गावात उभी राहते. आज लाखांदूरकडे, उद्या सिंदेवाहीकडे, परवा कुरखेड्याच्याही पुढं कुठंतरी. प्रेस म्हणजे छापखाना नव्हे. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलुखात, नाटक कंपनीला प्रेस म्हणतात. रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो आणि पहाटे कोंबड्यांच्या सुमारास पडतो. त्या पडद्याच्या आडोशाला, उजव्या विंगेत, प्लास्टिकच्या स्टुलावर मी बसलेला असतो. मी प्रॉम्प्टर.

या कामाबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. त्यांना वाटतं, हा बुकात बघून वाचतो, त्यात काय एवढं. वाचायला येणारा माणूस गावात शंभर मिळतील, कळणारा एखादाच. सीझनला मुंबई, पुणे, नागपूरहून कलाकार येतात, रोज वेगळं नाटक असतं, आणि तालीम म्हणाल तर नावाला. निम्मं नाटक त्यांच्या डोक्यात असतं, निम्मं माझ्या ओठांवर. ओळ लवकर दिली तर नट चिडतो आणि उशिरा दिली तर नाटक पडतं. सगळ्यांत अवघड काय, तर समोरचा थांबलाय तो विसरल्यामुळं की अभिनयामुळं, हे ओळखणं. एकदा आमचा हिरो आईच्या प्रेतापाशी गप्प झाला. मी दोन सेकंद पाहिलं आणि ओळ दिली. तो गप्पच. पुन्हा दिली, जरा मोठ्यानं. समोर बसलेल्या बायांनाही ऐकू गेली. मध्यंतरात तो चहाचा कप घेऊन माझ्यापाशी आला आणि हात जोडून म्हणाला, ‘‘भाऊ, तो पॉज होता.’’

तर असा मी, रोज रात्री दुसऱ्याच्या तोंडी शब्द देणारा माणूस, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी बी.ए.ला बसलो.

त्याला कारण करोना. 2020 च्या हिवाळ्यात नाटकं बंद होती. लग्नानंतर पहिल्यांदाच मी थंडीचे दिवस घरी काढणार होतो आणि घरच्यांना माझं काय करावं ते कळत नव्हतं. धान कापून झाला, चुरणा झाला, तणसाचा ढीग लागला, तरी मी घरातच. बायको अंगणवाडीत मदतनीस आहे. तिनंच मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायचं काढलं. माझी बारावी कधीकाळी ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटली होती, ती मार्कशीट पेटीच्या तळातून निघाली. आई चुलीपुढून म्हणाली, ‘‘आता कायले शिकाची हौस आली रे बापा? तुये पोट्टे शिकून राह्यले ना?’’ मग जरा वेळानं, ‘‘फी कित्ती हाये?’’

यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं हे विद्यापीठ 1989 साली नाशिकला सुरू झालं. त्याचं ब्रीदवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’. वाक्य चांगलंच आहे. फक्त गंगा घरी येते तेव्हा घरी कोणीतरी असावं लागतं. पुढच्या वर्षी नाटकं सुरू झाली आणि मी परत चार महिने घराबाहेर. तेव्हा मी ती गंगा गाडीत घातली. मेकअपच्या पेटीशेजारी माझी पिशवी असायची. पुस्तकांना इतका सफेदा लागला आणि स्पिरिट गमचा इतका वास लागला, की समाजशास्त्र उघडलं तरी मिशी चिकटवल्यासारखं वाटायचं.

ती पुस्तकं मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडली. कॉलेजच्या पुस्तकासारखी ती अंगावर येत नाहीत. वाचणारा एकटा आहे, दमून आलाय, शेजारी मास्तर नाही, हे लिहिणाऱ्यानं आधीच धरलेलं असतं. धड्याला घटक म्हणतात. सुरुवातीलाच उद्दिष्टं : हा घटक वाचून झाल्यावर तुम्हाला अमुक सांगता येईल, तमुक स्पष्ट करता येईल. मला आयुष्यात ‘तुम्ही’ म्हणणारं हे पहिलंच पुस्तक. मध्येच थांबून ते एखादा प्रश्न विचारतं, उत्तरासाठी जागा सोडतं आणि अडलात तर मागच्या पानावर हळूच उत्तर देऊन ठेवतं. म्हणजे हेही आमच्यातलंच, विंगेतलं.

अभ्यासाची वेळ रात्री साधारण बारा ते सव्वाबारा, आणि मग अडीचच्या पुढं. तेव्हा नाच असतो. लावणीवर एक ‘वन्स मोअर’ आला की दहा मिनिटं, दोन आले तर एक अख्खा मुद्दा. माझा अभ्यास प्रेक्षकांच्या शिट्ट्यांवर चालायचा. ब्रह्मपुरीकडचे लोक दिलदार, तिथं मराठी नाटकाचा इतिहास पुरा झाला. 1843 साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, हे शाळेत ऐकलं होतं. पण त्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणायचा आणि नट आपापलं बोलणं आयत्या वेळी रचून बोलायचे, हे तिथं विंगेत कळलं. मी त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली. लिहिलेले संवादच नाहीत म्हणजे प्रॉम्प्टरही नाही. माझा धंदा नसलेलं नाटक! ऑर्गनवाल्या बुवांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, ‘‘मंग तुमाले पगार कोनं देल्ला असता जी?’’

आता तो किस्सा सांगायलाच हवा, कारण वडशात तो माझ्याआधी पोचतो. डिसेंबर 2021. गावाचं नाव नको. तिसरा अंक, वेळ पहाटे तीनची. बाप सगळी जमीन मुठीत धरून बसलाय आणि थोरला मुलगा त्याला जाब विचारतो, असा प्रवेश. हा आमच्या नाटकाचा कळस, इथं बाया डोळ्यांना पदर लावतात. नुकताच नाच संपला होता. मांडीवर दोन पुस्तकं, एक नाटकाचं बुक आणि दुसरं लोकप्रशासन. तेवढ्यात जनरेटरनं मान टाकली, दिवे गेले, आले, आणि त्या गडबडीत मांडीवरचं वर-खाली झालं. हिरो पुढं आला, बापाकडं बोट केलं आणि थांबला. पॉज नव्हता. एवढं मला आता ओळखता येत होतं. मी खाली पाहिलं आणि जी ओळ दिसली ती दिली.

हिरो कसलेला माणूस. कानात पडलेला शब्द तो तपासत बसत नाही, त्याला फक्त गळा लावतो. तो गुडघ्यावर बसला, छातीवर हात मारला आणि हुंदका देऊन म्हणाला, ‘‘बाबा! या घरात... अधिकाराचं विकेंद्रीकरण झालंच पाहिजे!’’

मला वाटलं संपलं. उद्यापासून मी धानाच्या बांधीत. पण समोरून टाळी आली. साधीसुधी नाही, मागच्या खुर्च्यांपासून उठत आलेली टाळी. कोणी तरी शिट्टी मारली. बापाचं काम करणारा जुना नट क्षणभर गडबडला, मग त्यानं काठी आपटली आणि स्वतःच्या मनानं म्हणाला, ‘‘मी जिवंत असेतो होणार नाही!’’ पुन्हा टाळी. गावचे सरपंच पहिल्या रांगेत होते. ते हसत होते की नाही ते मला विंगेतून दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत सगळे माझ्यावर तुटून पडले. मालक काही बोलले नाहीत. संध्याकाळी हिरोनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, ‘‘ते वाक्य राहू द्यायचं का?’’

राहिलं. अजूनही त्या प्रवेशात ते आहे.

लोकप्रशासनात मात्र मी नापास झालो.

बाकीचं थोडक्यात. पहिल्या वर्षाची परीक्षा मोबाइलवर झाली, चार पर्यायांतला एक निवडायचा. आमच्या घरात रेंज नाही, म्हणून मी मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या पाळीवर बसून ती दिली, आणि एक म्हैस पूर्ण वेळ माझ्याकडं पाहत उभी होती. अभ्यासकेंद्राचे तास रविवारी. शनिवारी रात्रीचं नाटक संपवून, गाडी जिथं असेल तिथून मिळेल त्या वाहनानं ब्रह्मपुरी गाठायची. धुक्यात वैनगंगेच्या पुलावर मोटारसायकलच्या मागं बसून गेलो की डोळे उघडायचे आणि वर्गात बसलं की मिटायचे. एकदा घोरलो. सरांनी इतरांना सांगितलं, ‘‘झोपू द्या, ते रात्रभर उभं नाटक वाहतात.’’ सर स्वतः रात्री नाटकाला येणारे. नाहीतर उठवलं असतं. गृहपाठाचे 20 गुण असायचे, ते माझे कधी गेले नाहीत. अक्षर चांगलं आहे. तालमीच्या वह्या उतरवून उतरवून झालंय.

उरलेल्या 80 गुणांची गोष्ट वेगळी. मुक्त विद्यापीठाच्या परीक्षेच्या हॉलमध्ये एकदा डोकावून पाहायला पाहिजे. माझ्या पुढच्या बाकावर हवालदार, डावीकडं दोन अंगणवाडी सेविका, खिडकीशी ग्रामपंचायतीतला ऑपरेटर, आणि एक आजोबा होते, ते कशासाठी देताहेत विचारलं तर म्हणाले, ‘‘राहून गेल्ती.’’ बाहेर ब्रह्मपुरीचं ऊन. आमच्याकडं पारा सत्तेचाळिशीला टेकतो, तेव्हा पंखा फक्त ते ऊन हलवून सगळ्यांना सारखं वाटतो.

2022 साली लोकप्रशासनाचा पेपर हातात आला आणि पहिलाच प्रश्न माझा, विकेंद्रीकरणाचा. मी खूश झालो. पेन टेकवलं. ‘अधिकाराचे विकेंद्रीकरण म्हणजे’ एवढं लिहिलं आणि पुढं काही येईना. मी थांबलो. आणि मग कान उजवीकडं लागले. खरंच सांगतो, मी वाट पाहत होतो. पंधरा वर्षं विंगेत बसलेल्या माणसाला हे पक्कं माहीत असतं की थांबलेल्या माणसाला ओळ येते. उजवीकडं भिंत होती. भिंतीवर पाल होती. हिरो रोज रात्री काय करत असेल ते मला तेव्हा कळलं. त्या उघड्या रंगमंचावर, हजार डोळ्यांपुढं, कोणाच्या भरवशावर तो पॉज घेतो तेही कळलं.

त्यात मागच्या पोरानं कुजबुज केली, ‘‘दादा, पाचवा सांगा ना. नुसता पहिला शब्द.’’ पहिला शब्द! हे माझ्या धंद्यातलं वाक्य. कोणी अडलं की ओठ आपोआप हलतात. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, ‘‘काय पुटपुटताय?’’ मी म्हणालो, ‘‘सवय आहे, मॅडम.’’ त्यांनी मला उचलून अगदी पुढं, फळ्याशी बसवलं. बत्ती थेट डोक्यावर. आयुष्यात पहिल्यांदा मी रंगमंचाच्या मधोमध होतो, आणि बुक नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात मी अभ्यासाची पद्धत बदलली. वाचत नव्हतो, म्हणत होतो. नाच सुरू झाला की पुस्तक मिटून बुवांना सांगायचं, ‘‘पदसोपान म्हणजे काय ते विचारा.’’ बुवा ऑर्गनच्या भात्यावरचा पाय न काढता विचारायचे आणि मी सांगायचा. अडलो तर त्यांनी ओळ द्यायची नाही, असं ठरलं होतं. बुवांना ते फार जड जायचं. त्या जानेवारीत झाडीपट्टीतले जुने नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. आम्ही पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, नाटकाला निघालो होतो, गाडीत पेढे वाटले गेले, खुद्द झाडीपट्टीला पदक मिळाल्यासारखं. मालक मला म्हणाले, ‘‘प्रॉम्प्टरलेही देतीन कधी तरी.’’ बुवा म्हणाले, ‘‘आधी त्याले लोकप्रशासन सोडवू द्या.’’

सुटलं. तिसरं वर्षही त्याच उन्हाळ्यात सुटलं. निकाल लागला तेव्हा मी चिखलात होतो, रोवणी चालू होती. पोरगी बांधीवरून मोबाइल उंच धरून ओरडत आली. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात आईनं रोवणीच्या सगळ्या बायांना सांगून टाकलं. त्यांच्यातली एक म्हणाली, ‘‘मंग आता ह्यो नाटकात काम करन का?’’

मालकांनी त्या दिवाळीला पोस्टर छापताना एक गोष्ट केली. आमच्या पोस्टरवर हिरो-हिरोइनचे फोटो, त्याखाली कलाकार, त्याखाली गावातल्या मान्यवरांची लांबलचक यादी असते. प्रॉम्प्टरचं नाव नसतं, दिसला तर चूक या न्यायानं. या वेळी सगळ्यांत खालच्या पट्टीत माझं नाव आणि पुढं ‘बी.ए.’ असं आलं. पहिलं पोस्टर मी स्वतः गावात नेलं, कणकेची खळ शिजवली आणि चहाच्या टपरीशेजारच्या भिंतीला लावलं. मधूनमधून मागं सरून पाहिलं. सरळ होतं.

सकाळी गेलो तर खळीच्या वासानं कोणाची तरी बकरी येऊन खालची पट्टी खाऊन गेली होती. नाव गेलं होतं. ‘बी.ए.’ तेवढं उरलं होतं, आणि टपरीवाला गिऱ्हाइकांना सांगत होता की हे नव्या हिरोइनचं नाव असेल.